कलमा पढला, आता पुढे? इस्लाममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी आणि त्यांना सामावून घेणाऱ्यांसाठी

इस्लाम स्वीकारायला दोन वाक्यं पुरतात, त्यांनाच इथे कलमा म्हटलं आहे. ती म्हणायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्यापुढचं वर्ष मात्र लांब असतं, आणि जी माणसं गळतात ती बहुधा याच वर्षात गळतात. पहिल्या आठवड्यात जो तो सगळं शिकवायला धावतो, दुसऱ्या महिन्यात साधा फोनही कोणी करत नाही.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. आधी काय, मग काय, आणि काय खुशाल थांबू शकतं. हा क्रम कोणी पदरचा काढलेला नाही. आपले सहाबी, म्हणजे सोबती, मुआज बिन जबल (रजि.) यांना येमेनला पाठवताना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो घालून दिला होता (नावांपुढचे ‘रजि.’ आणि ‘स.’ म्हणजे आदराची दुआ). लोकांना आधी एका अल्लाहच्या उपासनेकडे बोलवा. ते मानलं तर सांगा की दिवस-रात्रीत पाच नमाजा आहेत. तेही मानलं तर जकातीचं, म्हणजे अनिवार्य दानाचं, सांगा, आणि जकात घेताना त्यांच्या उत्तम मालाला हात लावू नका. पैगंबरपत्नी हजरत आयेशा (रजि.) यांचं म्हणणंही याच अंगाने जातं. कुरआनात आधी जन्नत-जहन्नमविषयी उतरलं, मनं स्थिरावल्यावर हलाल-हराम आलं. पहिल्याच दिवशी ‘दारू पिऊ नका’ असा हुकूम आला असता, तर लोक म्हणाले असते, आम्ही ती कधीच सोडणार नाही.

कलम्याआधीची दहा मिनिटं

कलमा पढण्याआधी इमामसाहेबांनी किंवा जाणत्या माणसाने समोरच्याशी एकांतात बोलून घ्यावं. बाईमाणूस असेल तर सोबत दुसरी बाई असावी. तीन गोष्टी नीट विचाराव्यात. कोणाचा दबाव आहे का? पैसा, नोकरी, लग्न असलं काही आमिष आहे का? आणि तुम्ही नेमकं काय मानता आहात, ते स्वतःच्या शब्दांत सांगाल का? ‘धर्मात सक्ती नाही’ (कुरआन 2:256) ही आयत पोस्टरवर लावण्यापुरती नाही, ती इथे कामाला येते. दबाव जाणवला तर तिथेच थांबावं.

लग्नासाठी येणाऱ्यांचा प्रश्न वारंवार येतो. मुस्लिम पुरुषाला ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी निकाह करता येतो, त्यासाठी तिने इस्लाम स्वीकारण्याची अट नाही. निव्वळ कागदासाठी कलमा पढायला बसवलेली व्यक्ती आणि तिला बसवणारे, दोघंही नंतर अडचणीत येतात. लग्नाच्या निमित्ताने ओळख झाली आणि पुढे मन खरंच वळलं, असंही होतं. तो निराळा मामला. निमित्त काय होतं याची चौकशी करत बसू नये, आज मनात काय आहे ते पाहावं.

वय आणि कायदा हे दोन मुद्दे इमामसाहेबांनी स्वतः तपासावेत. अल्पवयीन मुलामुलीच्या बाबतीत वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर सही-शिक्का करू नये. काही ठिकाणी धर्म बदलताना सरकारदरबारी आधी कळवावं लागतं किंवा नंतर नोंद करावी लागते. जिथे राहता तिथला नियम माहीत करून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलेलं प्रकरण नंतर फार महाग पडतं.

श्रद्धेच्या सहा गोष्टी या वेळी सांगून व्हायला हव्यात: अल्लाह, फरिश्ते, अवतरलेले ग्रंथ, पैगंबर, आखिरतचा (मरणोत्तर हिशोबाचा) दिवस आणि तकदीर. एवढं पुरे. ‘आधी नमाज शिका, मग या’ असं सांगून कोणाला परत पाठवू नये. मन ठरलेल्या माणसाला ‘शुक्रवारी या, गर्दी असते, सगळ्यांसमोर पढवू’ असं सांगणं तर साफ चूक. ती सोय मशिदीची, त्या माणसाची नव्हे.

कलमा: शब्द, उच्चार, साक्षीदार

शब्द असे:

अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह, व अश्हदु अन्न मुहम्मदर्-रसूलुल्लाह.

अर्थ: मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कोणीही उपास्य नाही, आणि मी साक्ष देतो की मुहम्मद (स.) अल्लाहचे पैगंबर आहेत.

सरावासाठी याचे पाच तुकडे पडतात: अश्हदु / अल्ला इलाह / इल्लल्लाह / व अश्हदु अन्न / मुहम्मदर्-रसूलुल्लाह. अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘अल्ला इलाह’मधला ‘ला’ दीर्घ हवा, कारण ‘नाही’ हा अर्थ त्याच अक्षरात आहे. तो आखडला की नकारच गळून जातो. इथला ‘अल्ला’ म्हणजे अल्लाह नव्हे. ‘अन्’ आणि ‘ला’ एकमेकांत मिसळून तो झालेला आहे, हे सांगितलं की नवख्याचा गोंधळ मिटतो. ‘मुहम्मद’मधल्या ‘म्म’वर जोर येतो. आणि ‘ला इलाह’ इथे श्वास सोडून थांबू नये, कारण तेवढ्याचा अर्थ होतो ‘कोणी उपास्य नाही’. म्हणून तुकडे सरावापुरतेच ठेवा. खुर्चीत बसून चार-पाच वेळा म्हणून घ्या आणि प्रत्यक्ष कलमा पढताना पूर्ण वाक्य एका दमात म्हणा. लगेच तेच स्वतःच्या मातृभाषेत म्हणावं. अरबी उच्चार थोडा तोतरा झाला तरी अडत नाही, अर्थ न कळता म्हटलं तर मात्र सगळंच अडतं.

कलमा खरा ठरायला साक्षीदारांची अट नाही. घरात एकट्याने, समजून-उमजून म्हटलेला कलमाही कलमाच. मग दोन साक्षीदार कशाला? पुढच्या व्यवहारासाठी. निकाह, हजचा व्हिसा, दफनविधी अशा वेळी मशिदीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. त्यावर नाव ओळखपत्रावर आहे त्याच अक्षरांत लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. नवं नाव घेतलं असेल तर ते वेगळ्या ओळीत टाका. तारीख, जागा, दोन साक्षीदारांची पूर्ण नावं आणि सह्या, मशिदीचा शिक्का. दोन मूळ प्रती करा. एक त्या व्यक्तीकडे, एक मशिदीच्या दप्तरात. इमामसाहेब बदलतात, दप्तर राहतं.

व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, तेही एकांतात. दहा मोबाइल समोर धरल्यावर ‘नको’ म्हणण्याची हिंमत कोणाला होत नाही. घरी अजून काहीच सांगितलेलं नसतं, आणि आईला लेकीची बातमी शेजारणीच्या मोबाइलवरून कळते. अशी जखम वर्षानुवर्षं भरत नाही.

गुस्ल, नाव, सुंता

कलम्यानंतरच्या अंघोळीला, म्हणजे गुस्लला, मालिकी आणि हनबली मतात वाजिब, म्हणजे आवश्यक, मानलं आहे (हनफी, मालिकी, शाफई, हनबली ही फिकहची, म्हणजे धर्मनियमांच्या शास्त्राची, चार मतं). हनफी आणि शाफई मतात, अंघोळ अनिवार्य करणारं दुसरं कारण नसेल तर, ती मुस्तहब, म्हणजे केलेली चांगली, आहे. कैस बिन आसिम (रजि.) इस्लाममध्ये आले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना पाणी आणि बोरीचा पाला वापरून अंघोळ करायला सांगितलं होतं. करून टाकावी, म्हणजे शंकाच उरत नाही. मनात नियत (संकल्प), हात धुणं, गुप्तांग स्वच्छ करणं, वुजू (नमाजीआधी हात-तोंड-पाय धुतात ते), डोक्यावर तीनदा पाणी, मग उजवी बाजू, मग डावी. तोंड आणि नाकात पाणी जायला हवं, केसांच्या मुळाशी पोचायला हवं. पैगंबर (स.) एक साअ ते पाच मुद पाण्यात अंघोळ उरकत, एक साअ म्हणजे साधारण अडीच ते तीन लिटर, आणि मुद म्हणजे साअचा चौथा भाग. शॉवरखाली तासभर उभं राहण्याची गरज नाही.

नाव बदलणं बंधनकारक नाही. नावाचा अर्थच इस्लामच्या विरोधात जात असेल, उदाहरणार्थ अल्लाहशिवाय दुसऱ्या कोणाचा दास असा असेल, तरच बदलावं. पैगंबरांनी (स.) वाईट अर्थाची काही नावं बदलली, ‘आसिया’ म्हणजे अवज्ञा करणारी हिचं ‘जमीला’ केलं; पण बहुतेक सहाबांची नावं इस्लामआधीचीच राहिली. वडिलांचं नाव तर काढूच नये. ‘त्यांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारा’ असा कुरआनाचा स्पष्ट आदेश आहे (33:5). नाव बदललं की बँक, पदवी, पासपोर्ट, घराची कागदपत्रं अशी साखळी सुरू होते. घाईने हाती घेण्याचं हे काम नाही.

सुंतेचा विषय पहिल्या दिवशी कोणी काढू नये. मुसलमान होण्याची ती अट नाही. हनफी आणि मालिकी मतात ती सुन्नत (पैगंबरांची रीत, पण अनिवार्य नाही), शाफई आणि हनबली मतात पुरुषाला वाजिब, तीही जिवाला धोका नसेल तर. मोठ्या वयात करायची तर शल्यचिकित्सकाकडे, मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या आधी सांगून.

वुजू, अगदी जवळून

पहिल्या आठवड्याचं काम एवढंच: वुजू आणि नमाजीच्या हालचाली.

कुरआनाने (5:6) वुजूत चार गोष्टी सांगितल्या आहेत: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्यावर ओला हात फिरवणं, घोट्यांसह पाय धुणं. बाकीचं सुन्नत, पण शिकताना सगळं एकत्रच शिकलेलं बरं. बिस्मिल्लाह म्हणून मनगटांपर्यंत हात तीनदा. तीनदा चूळ. तीनदा नाकात पाणी घेऊन डाव्या हाताने शिंकरणं. चेहरा तीनदा, कपाळावर केस उगवतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत. उजवा हात कोपरासह तीनदा, मग डावा. हात पुन्हा ओले करून डोक्यावर एकदा, त्याच ओलाव्याने कानांच्या आत-बाहेर. शेवटी उजवा पाय, डावा पाय, बोटांच्या बेचक्यांत करंगळी फिरवून. पैगंबरांना (स.) यासाठी एक मुद, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाणी लागे. बाटलीत तेवढंच पाणी घेऊन एकदा करून पाहा, हात आपोआप शिस्तीत येतो.

चुका ठरलेल्या असतात. टाच कोरडी राहते. तिच्याबद्दल हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचनांच्या नोंदींत, कडक इशारा आहे. कोपराचं टोक सुटतं, कारण बाही नीट वर सारलेली नसते. नेलपॉलिशखाली पाणी जात नाही. मेंदीचं तसं नाही, तिचा नुसता रंग असतो. वॉश बेसिनवर पाय उचलून धुताना तोल जातो, लोक घसरून पडतात. पाय मग्याने किंवा बाथरूममध्ये धुवावेत. लघवी, शौच, वारा सरणं, गाढ झोप यांनी वुजू जातो. ‘गेला की काय’ अशी नुसती शंका आली तर जात नाही. आवाज किंवा वास आला तरच परत करा, असं हदीस सांगते. नवख्या माणसाला वहम, म्हणजे संशयाचा चाळा, लागायला वेळ लागत नाही, एकेका वुजूला वीस मिनिटं जाऊ लागतात. तसं दिसलं तर नळ बंद करून त्याला बाहेर आणा.

नमाज: महिन्याचा हिशोब

पाच नमाजांच्या फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजीची आवर्तनं, सतरा: फजर (पहाट) 2, जोहर (दुपार) 4, असर (तिसरा प्रहर) 4, मगरिब (सूर्यास्त) 3, इशा (रात्र) 4. सुन्नत आणि नफिलचा (ऐच्छिक नमाजांचा) तक्ता पहिल्या महिन्यात दाखवूच नये. तो पाहून माणूस सतराही सोडतो.

अरबी येत नाही म्हणून नमाज पुढे ढकलायची नसते. ‘मला कुरआनातलं काही पाठ होत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर, ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह, हे म्हणायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात कियाममध्ये (उभं असताना) हेच म्हणा, रुकू (कमरेतून वाकणं) आणि सज्दा (कपाळ जमिनीला टेकवणं) करा, बसा, सलाम फेरा (दोन्हीकडे मान वळवून सलाम म्हणा). हे तात्पुरतं आहे, पण वैध आहे. हातात कागद धरून वाचण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते त्याने नमाज जाते. त्यामुळे हनफी मशिदीत शिकत असाल तर कागदापेक्षा हा झिक्रच (अल्लाहचं स्मरण) बरा.

दुसऱ्या आठवड्यात सूरह फातिहा. आयती सात, दिवस सात. रोज एक आयत, आणि ती जिवंत माणसासमोर म्हणून दाखवायची. नुसत्या रेकॉर्डिंगवरून शिकलेली चूक घट्ट बसते, मग वर्षानुवर्षं निघत नाही. तिसऱ्या आठवड्यात सूरह इख्लास (चार आयती) आणि कौसर (तीन), त्याबरोबर रुकूतलं ‘सुब्हान रब्बियल अजीम’ आणि सज्द्यातलं ‘सुब्हान रब्बियल आला’. चौथ्या आठवड्यात बसल्यावर म्हणायचे तशह्हुद आणि दरूद (पैगंबरांसाठीची दुआ). हे सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणं प्रकरण, त्याला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही.

शरीराच्या चुका आरशासमोर सुधारतात. सज्द्यात सात अवयव जमिनीला टेकायचे: कपाळ (नाकासह), दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे, दोन्ही पायांची बोटं. पाय हवेत उचलले जातात आणि करणाऱ्याला पत्ताही नसतो. पुरुषाने कोपर जमिनीवर पसरू नये. सगळ्यात मोठी खोड घाईची. एका माणसाने भराभर नमाज उरकली तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला तीनदा परत पाठवलं, ‘तू नमाज पढलीच नाहीस’ म्हणून, आणि मग शांतपणे शिकवलं: रुकूत स्थिर हो, उठून सरळ उभा राहा, सज्द्यात स्थिर हो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून पढा, लाजू नका.

जमातीत (सगळ्यांसोबतच्या नमाजीत) उभं राहणं नवख्याला सोपं जातं, इमामामागे हालचाली करायच्या. उशिरा पोचलात तर धावू नका. जी रकात मिळेल ती घ्या, इमामाने सलाम फेरल्यावर राहिलेली पूर्ण करा. रुकूत सापडलात तर ती रकात मिळाली असं बहुतेक आलिम (धर्मपंडित) धरतात.

घरी उघडपणे नमाज पढली तर मार बसेल किंवा हाकलून देतील, अशी परिस्थिती असते. फिरऔनच्या (इजिप्तच्या राजाच्या) घराण्यातल्या एका माणसाने आपला ईमान लपवून ठेवल्याचं कुरआन सांगतं (40:28). अडचणीत जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा काही फिकहांमध्ये आहे. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, म्हणून एका जाणत्या आलिमाला विचारून आपल्यापुरता नियम ठरवून घ्या.

मागचं काय भरायचं?

काहीच नाही. इस्लाम त्याआधीचं सगळं पुसून टाकतो, असं अम्र बिन आस (रजि.) यांना सांगितलं गेलं. मागच्या वर्षांच्या नमाजा, रोजे, जकात यांची कजा, म्हणजे मागाहून भरपाई, नाही. आधी केलेली सत्कर्मं वाया जात नाहीत, हे हकीम बिन हिजाम (रजि.) यांना मिळालेल्या उत्तरावरून कळतं. लोकांचं देणं मात्र राहतं. कर्ज, ठेव, कोणाचा हिस्सा हे फेडायचंच.

रमजानच्या मधे कोणी इस्लाममध्ये आलं तर पुढचे रोजे धरायचे, महिन्यातले मागचे नाहीत. पहिल्या रमजानआधी शाबानमध्ये (त्याच्या आधीच्या महिन्यात) दोन-चार रोजे सरावासाठी धरले तर शरीर बुजत नाही. चहा-कॉफीची सवय असेल तर आठवडाभर आधी कमी करत आणा, पहिल्या तीन दिवसांतली डोकेदुखी बहुतेक वेळा त्याचीच असते. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा नाही. आजाऱ्याला सूट कुरआनानेच दिली आहे (2:185), ती नाकारण्यात पुण्य नाही.

जकात कलम्यानंतर मोजायची. निसाब (जकात लागू होण्याची किमान मालमत्ता) साधारण 85 ग्रॅम सोनं किंवा 595 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढा, त्यावर एक चांद्रवर्ष उलटलं की अडीच टक्के. उलट बाजूही लक्षात असू द्या. जकात घेण्यास पात्र अशा आठ गटांत ‘मुअल्लफतुल कुलूब’, ज्यांची मनं जोडून घ्यायची आहेत ते, हा एक गट आहे (9:60). हा गट आज लागू आहे की नाही यावर फिकहांचं एकमत नाही, हनफी मतात तो आता लागू नाही. पण घर सुटलेला, नोकरी गेलेला माणूस गरजू म्हणून तरी पात्र ठरतोच. ही मदत त्याच्या हातात शांतपणे पडावी, मंचावर बोलावून नाही.

आई-वडील, जोडीदार, वारसा

घरी सांगण्याचा मुहूर्त नसतो, पण चुकीच्या वेळा असतात: सणाच्या जेवणाच्या पंगतीत, भांडणात, फोनवर. आधी काही आठवडे वागण्यातला फरक दिसू द्या. आवाज खाली आलेला, आई-वडिलांच्या औषधांची विचारपूस वाढलेली. मग आधी एकालाच, जो जास्त ऐकून घेईल त्याला सांगा. ‘तुमचं सगळं चूक होतं’ हे वाक्य गिळा. कुरआन म्हणतं, आई-वडिलांनी शिर्कसाठी (अल्लाहसोबत दुसऱ्या कोणाची उपासना करण्यासाठी) जोर केला तर तेवढं ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलंच वागा (31:15). अस्मा (रजि.) यांची आई मुसलमान नव्हती, ती भेटायला आली तेव्हा पैगंबरांनी (स.) नातं सांभाळायला सांगितलं. ताटातलं डुकराचं मांस आणि ग्लासातली दारू नाकारायची, ताट वाढणारीला नाही. ‘आई, एवढं सोडून सगळं वाढ’ या एका वाक्यावर पुष्कळ घरं टिकतात.

जोडीदाराचा प्रश्न नाजूक. पतीने इस्लाम स्वीकारला आणि पत्नी ख्रिस्ती किंवा ज्यू असेल तर निकाह तसाच राहतो. पत्नी इस्लाममध्ये आली आणि पती आला नाही, तर जुन्या फिकहात साधारणपणे इद्दत (ठरावीक प्रतीक्षाकाळ) संपेपर्यंत थांबायचं, त्या काळात पती-पत्नी संबंध नाही, तो आला तर संसार पुढे चालू. पैगंबरकन्या जैनब (रजि.) यांचे पती अबुल आस कित्येक वर्षांनी इस्लाममध्ये आले, आणि त्या त्यांच्याकडे परत गेल्या. आजच्या आलिमांमध्ये यावर बरीच चर्चा आहे. लेकरं, घर, कायदा सगळं यात गुंतलेलं असतं, म्हणून मशिदीच्या पायरीवर कोणा हौशी माणसाने ‘तुझा तलाक झाला’ असं सांगून टाकणं हा अपराध समजावा. मुफ्तीसाहेब आणि वकील, दोघांशी बसून बोला.

नव्याने आलेल्या मुलीसाठी पंधरा दिवसांत स्थळ घेऊन येणाऱ्यांपासून तिला जपा. तिला मुस्लिम वली (निकाहात तिच्या वतीने बोलणारा पालक) नसतो, म्हणून कोणी विचारणारं नाही असा हिशोब काही जण करतात. इमाम किंवा काझी तिचा वली होऊ शकतात, आणि त्यांनी मुलाची तशीच चौकशी करावी जशी स्वतःच्या लेकीसाठी केली असती. गुपचूप निकाहाला साफ नकार.

मृत्युपत्र पहिल्या वर्षातच करा. बहुसंख्य आलिमांच्या मते मुस्लिम आणि गैरमुस्लिम एकमेकांचे वारस होत नाहीत, पण वसियत करून गैरमुस्लिम आई-वडिलांना मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देता येतं. दफन कसं व्हावं, कोणाला फोन करायचा, हेही त्यातच लिहा आणि घरच्या एकाला सांगून ठेवा. नाहीतर घरच्यांना माहीतच नसल्यामुळे अंत्यविधी त्यांच्या रीतीने होऊन जातो, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

मशिदीने काय करायचं

एक सोबती ठरवा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. मदीनेत मुहाजिर (मक्केहून आलेले) आणि अन्सार (मदीनेचे) यांच्यात जोड्या लावल्या होत्या, तशी. साद बिन रबी (रजि.) यांनी अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अर्धी संपत्ती देऊ केली, तर ते म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा. सोबत्याचं कामही तेच, वाट दाखवणं. नव्याचा पगार, लग्न, घर यांचा ताबा घेणं नव्हे. सोबत्याने तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि मग दर आठवड्याला फोन करावा, तोही ‘नमाज पढतोस ना?’ विचारायला नाही, ‘जेवलास का?’ विचारायला.

पहिल्या भेटीत मशीद फिरवून दाखवा. चपला कुठे, वुजूखाना कुठे, बायकांचं दार कोणतं, कोणत्या रांगेत उभं राहायचं, खुतब्यात (प्रवचनात) बोलायचं नाही. पुस्तकं दहा देऊ नका. मातृभाषेतला कुरआनाचा अनुवाद, नमाजीचा एक कागद, एक जानमाज (नमाजीची चटई). बस.

चुकल्यावर काय करायचं याचे दोन धडे हदीसमध्ये आहेत. मुआविया बिन हकम (रजि.) नमाजेत बोलले, शेजारी शिंकला म्हणून त्याला दुआ दिली. लोक डोळे वटारू लागले, मांड्यांवर थापा मारू लागले. पैगंबर (स.) रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नमाज झाल्यावर एवढंच सांगितलं की नमाजेत बोलणं बसत नाही. एका बद्दूने (वाळवंटातल्या भटक्या अरबाने) तर मशिदीतच लघवी केली, लोक धावले, पैगंबरांनी (स.) त्यांना अडवलं, त्याचं होऊ दिलं आणि वरून पाण्याची बादली ओतवली. आज नव्या मुलीची ओढणी घसरली की चार बायका एकदम तिच्यावर तुटून पडतात. बोलायचं तर सोबतीणच बोलेल, एवढा नियम मशिदीने करावा.

धर्म आणि जमातीची रीत यांतला फरक सांगत राहा. तुमच्या घरचा पोशाख, तुमचा स्वयंपाक, तुमची लग्नाची पद्धत हे इस्लामचे अरकान (मूळ स्तंभ) नाहीत. आणि दहा वर्षांनीही ‘हा आपला नवमुस्लिम’ अशी ओळख करून देणं थांबवा. तोपर्यंत त्याची मुलंही त्या मशिदीत शिकायला लागलेली असतात.

तिसऱ्या महिन्याची पडझड

पहिल्या आठवड्यांत पाच नमाजा, तहज्जुद (रात्री उठून पढायची ऐच्छिक नमाज), रोज दोन तास व्याख्यानं. मग एक दिवस फजर जाते, दुसऱ्या दिवशी असर, आणि माणसाला वाटतं आपण ढोंगी. यावर उपाय म्हणजे उतरती पायरी: काहीही झालं तरी पाच फर्ज, बाकीचं सगळं बाजूला. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला सर्वाधिक आवडतं, असं हदीस आहे.

याच सुमारास इंटरनेटवर मसलकांची (पंथांची) भांडणं सापडतात. हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्याने की हळू. वर्षभर एकच शिक्षक, एकच फिकह, एकच प्राथमिक पुस्तक. बाकी दार बंद. जो गट घरच्यांशी संबंध तोडायला सांगतो, पैसे मागतो, गुपित ठेवायला लावतो किंवा हिंसेची भाषा बोलतो, त्याच्यापासून त्याच दिवशी दूर व्हा आणि इमामसाहेबांना सांगा. मानसिक आजाराच्या गोळ्या कोणी ‘आता दुआ पुरे’ म्हणून बंद करायला सांगितल्या तरी बंद करू नका.

पहिली ईद

रमजानभर इफ्तारीला माणसं असतात, ईदच्या दुपारी प्रत्येक जण आपल्या घरी जातो. नवा माणूस नमाजीनंतर रिकाम्या खोलीवर परततो. म्हणून चांद दिसल्याच्या संध्याकाळीच सोबत्याने फोन करून ठरवावं: सकाळी किती वाजता, कोणत्या दाराशी, आणि दुपारचं जेवण कोणाकडे. सदका-ए-फित्र (ईदचं दान) नमाजीआधी द्यायची, माणशी एक साअ धान्य. हनफी मतात गव्हाचं अर्धं साअ किंवा त्याची किंमत. अंघोळ करून निघण्याआधी विषम संख्येत खजूर खावेत. ईदच्या नमाजीत जादा तकबीरी (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं) येतात, हनफी मशिदीत दोन रकातींत मिळून सहा, शाफई मशिदीत पहिल्या रकातीत सात आणि दुसऱ्या रकातीत पाच, आणि नवखा मधेच रुकूत वाकतो. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: शेजारच्याकडे बघ, तो हात सोडेल तेव्हा सोड, तो वाकेल तेव्हा वाक.